कानसेनांच्या ट्रॅक्टरवरचा काटा

त्या ट्रॅक्टरवर ऑइलच्या दाबाचा जो मीटर होता, त्याचा काटा बारा महिने हिरव्या पट्ट्यावर उभा असायचा. इंजिन चालू असो, बंद असो, ट्रॅक्टर शेडमध्ये गोणपाट पांघरून पडलेला असो, काटा आपला हिरव्यावर. काच धुरकटलेली, आत एक मेलेली माशी, आणि तिच्या शेजारी सगळं आलबेल असल्याचा निरोप देणारा हा काटा. मालकांचा मुलगा म्हणायचा, "बाबा, हा डॉक्टर पेशंट गेल्यावरही प्रकृती उत्तम म्हणून सांगत बसेल." मालक हसायचे. त्यांना त्या काट्याची कधी गरजच पडली नव्हती, कारण त्यांना कान होते.

कान तसे सगळ्यांनाच असतात. पण यांचे कान म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीची ठेव होती. कुणाचं इंजिन कुरकुरायला लागलं की आधी यांना बोलावणं जायचं, मग फिटरला. हे यायचे, इंजिनापासून चार पावलं लांब उभे राहायचे, डोळे मिटायचे, मान जराशी डावीकडे कलती करायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट सैल आहे." फिटर झाकण उघडायचा आणि झडप ढकलणारा तिसऱ्याचाच टॅपेट सैल निघायचा. असं एकदा झालं, दोनदा झालं, मग कुणीतरी त्यांना कानसेन म्हणालं. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन तरी व्हावं असं गाण्याच्या बाबतीत म्हणतात. यांचा गाण्याशी संबंध शून्य, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको सोडून सगळे त्यांना कानसेन म्हणत. बायको 'अहो' म्हणायची, आणि तिच्या मते त्या हाकेला ओ मिळण्याचं प्रमाण लग्नापासूनच फार कमी होतं.

ट्रॅक्टर मुळात त्यांच्या मामांचा. मामांनी तो कुणाकडून तरी जुनाच घेतला, आणि घेतला त्याच वर्षी इंजिन जाम करून बसले. झालं असं, की ऑइल गळून गेलं, काटा हिरव्यावर अडकून राहिला, मामा काट्याकडे बघत खुशाल नांगरत राहिले आणि शेताच्या मधोमध इंजिनाने प्राण सोडला. इंजिन पुन्हा बांधून घेतलं, पण मीटर मामांनी मुद्दाम तसाच ठेवला. "हा खोटारडा आहे, डोळ्यांसमोर असू दे," म्हणायचे. पुढे भाच्याला पहिल्यांदा सीटवर बसवलं तेव्हा त्यांनी एवढंच शिकवलं, की काट्यावर विसंबू नकोस, कान दे. भाच्याने तोवर शाळेत कशातच नाव काढलेलं नव्हतं. इथे मात्र त्याने असा कान दिला की मामाही चाट पडले.

ओल्या मातीत इंजिन कसं घोगरं होतं, चढावर कसं दम खातं, ऑइलचा दाब पडला की टॅपेट कसे टेबलावर नखं वाजवल्यासारखे टिकटिकायला लागतात, हे सगळं तो घरी येऊन तोंडाने करून दाखवायचा. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने बायकोला चारही सिलिंडरांचे आवाज काढून दाखवले. दुसरी एखादी माहेरी निघून गेली असती. हिने ते मन लावून ऐकले, आणि ते तिच्या लक्षातही राहिले.

मामा गेले आणि ट्रॅक्टर भाच्याकडे आला. त्याचं धुराडं सीटच्या पुढ्यात, उजव्या कानापासून जेमतेम दोन हातांवर. त्याचा सायलेन्सर एका वर्षी कुजून गळून पडला, तेव्हा कानसेनांनी नवा बसवला नाही. सायलेन्सर लावला की इंजिन तोंडावर हात ठेवून बोलल्यासारखं वाटतं, काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी तो आवाज उघडा ठेवला आणि पुढची सगळी वर्षं त्याच्या शेजारी बसून काढली. त्यांच्यासारखा जाणकार माणूस असं करतोय म्हटल्यावर आणखी चार-पाच जणांनीही आपापले सायलेन्सर काढून टाकले.

मीटरवाल्यांची ते मनसोक्त टिंगल करायचे. कुणी नवा ट्रॅक्टर घेतला आणि त्यातले लुकलुकणारे दिवे दाखवायला लागला, की यांचं ठरलेलं वाक्य होतं, "छान आहे हो. काटा बहिऱ्यांसाठी असतो." हे वाक्य इतकं गाजलं की लोक ते त्यांच्या आधीच म्हणायला लागले. मुलाने नवा ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्यालाही ते ऐकावं लागलं, आणि मुलगा बापाचाच असल्यामुळे त्याने ते हसून सोडून दिलं.

दर वर्षी कापणी आटोपली की जुन्या यंत्रांचा मेळावा भरायचा. हौशी लोक आपापले म्हातारे ट्रॅक्टर घासूनपुसून आणायचे, मोकळ्या मैदानात रांगेने उभे करायचे. एक निवृत्त हेडमास्तर तो मेळावा चालवायचे आणि पोरांना शिस्त लावायची राहिलेली हौस ट्रॅक्टरांवर भागवायचे. मेळाव्यात सगळ्यात सुरेल चालणारं इंजिन निवडायचं काम कानसेनांचं. ते रांगेतून फिरायचे, प्रत्येकापुढे डोळे मिटून उभे राहायचे, आणि शेवटी खिशातून खडू काढून एकाच्या पुढच्या चाकावर गोल काढायचे. बस, एवढंच बक्षीस. पण तो गोल पुसला जाऊ नये म्हणून लोक महिनोन्‌महिने ते चाक धुवायचे नाहीत, चिखलातून जायची वेळ आली तर लांबून वळसा घालायचे.

तर त्या वर्षी मास्तरांनी एक नवा नियम काढला. पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरचा प्रत्येक मीटर चालू हवा.

"माझ्या ट्रॅक्टरलाही?" कानसेनांनी विचारलं.

"नियम म्हणजे नियम," मास्तर म्हणाले. "उद्या लोक म्हणतील, परीक्षकाच्या घरचंच कार्ट नापास."

कानसेनांना हसू आलं आणि थोडा रागही आला. पण रांगेत मागे उभं राहायची त्यांना सवय नव्हती. शोभेसाठी तर शोभेसाठी, असं म्हणून त्यांनी ट्रॅक्टर काढला आणि मीटरवालीच्या दुकानासमोर नेऊन उभा केला.

ही मीटरवाली म्हणजे घड्याळजींची मुलगी. वडिलांमागे तिने दुकान चालू ठेवलं होतं. घड्याळं कमी झाली तशी ती गाड्यांचे, पंपांचे, बॉयलरचे मीटर दुरुस्त करू लागली. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर भिंग, आणि भिंतीवर वडिलांच्या वेळची घड्याळं, ज्यांतल्या एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं. कानसेन आत शिरले तेव्हा ती आधीच उठून दाराशी आली होती.

"या काका. लांबूनच कळलं तुम्ही येताय ते," ती म्हणाली आणि ट्रॅक्टरकडे बघत क्षणभर घुटमळली. काहीतरी विचारणार होती. मग म्हणाली, "काय काम काढलंत?"

"तो मेळाव्याचा नियमवाला मास्तर," कानसेन म्हणाले आणि मीटर टेबलावर ठेवला.

तिने काच उतरवली. आत पितळेची एक चपटी नळी होती, आकड्यासारखी वाकवलेली. इंजिनातलं ऑइल एका बारीक पाइपातून या नळीत दाबाने शिरतं, नळी सरळ व्हायला बघते, तिच्या टोकाला अडकवलेलं इवलंसं दातेरी चाक फिरतं आणि काटा हलतो. सगळी गंमत एवढीच. ही नळी कधीच तडकली होती आणि काट्याचा आस गंजून जागच्या जागी बसला होता.

"नळी दुसऱ्या मीटरची घालते. तबकडी तुमचीच ठेवते. आणि या माशीचं काय करू?"

"फुकटात राहिली इतकी वर्षं. आता खाली करू दे जागा."

मीटर दुरुस्त होऊन आला, आणि कानसेनांनी तो एका सकाळी शेडमध्ये स्वतःच्या हाताने बसवला. पाइपाचा नट घट्ट केला, इंजिन चालू केलं. काटा थरथरला आणि सुर्रकन हिरव्यावर गेला. इतक्या वर्षांनी तो काटा हलताना बघून त्यांना उगीचच बरं वाटलं. मग इंजिन तापायला लागलं. तापलं की ऑइल पातळ होतं आणि दाब थोडा उतरतो, हे त्यांना ठाऊक होतं. काटा उतरला. पण तो थांबेना. हिरवा पट्टा सोडून पिवळ्यात आला, पिवळ्यातून आणखी खाली, आणि इंजिन मंद केल्यावर लाल पट्ट्यात जाऊन पडला.

कानसेनांनी डोळे मिटले, मान कलती केली. इंजिन लोण्यासारखं चाललं होतं. खरं सांगायचं तर गेली एक-दोन वर्षं ते इतकं शांत चालायला लागलं होतं, की त्यांना त्याचं कौतुक वाटायचं. माणसाचा स्वभाव उतारवयात निवळतो, तसा याचाही निवळला असं ते चारचौघांत सांगायचे. त्यांनी डोळे उघडले. काटा लालमध्येच होता.

"खोटारडा," ते म्हणाले. "मामा म्हणायचे तेच खरं."

मीटर काढून ते परत मीटरवालीकडे गेले. तिने वाद घातला नाही. तिच्याकडे एक हातपंप होता, त्याला दोन मीटर शेजारी शेजारी लावायची सोय होती. एका बाजूला तिचा पारखलेला मीटर, दुसऱ्या बाजूला कानसेनांचा. ती दांडा दाबत गेली आणि दोन्ही काटे जुळ्या भावंडांसारखे बरोबरीने चढले, बरोबरीने उतरले.

"दोन्ही चुकीचे असतील," कानसेन म्हणाले.

"असतील," ती म्हणाली. तिने फडताळातून तिसरा, कोरा मीटर काढून दिला. "हा लावून बघा काका. पटला नाही तर परत आणा."

तिसराही तापल्यावर लालमध्ये जाऊन पडला. तेव्हा मुलगा पुढे आला. त्याने तोच मीटर आपल्या नव्या ट्रॅक्टरला लावला, इंजिन चांगलं तापवलं आणि बापाला बोलावलं. काटा हिरव्याच्या बरोबर मध्ये होता.

"बाबा, मीटर बरोबर आहे."

"मग काय माझं इंजिन खोटं बोलतंय?"

मुलगा चपलेने जमिनीवरचा खडा सरकवत राहिला. बापाला उलट बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "तुम्हालाच ठाऊक," एवढं म्हणून तो गेला. कानसेनांना त्याच्या पाठीचा राग आला. बोलायचं असेल तर धड बोलावं, हल्ली सगळे पुटपुटतातच. मुलगा पुटपुटतो, बातम्या सांगणारे पुटपुटतात, फोनवरचे तर विचारूच नका. लोकांना तोंड उघडून बोलायचा कंटाळा आलाय, असं त्यांचं अलीकडचं ठाम मत झालं होतं.

दुपारी ते पुन्हा शेडमध्ये गेले. ट्रॅक्टर चालू केला आणि समोर एक पेटी ओढून बसले. एक नजर काट्यावर, आणि कान, त्यांच्या मते, इंजिनावर. दोघांतलं कुणीतरी एक खोटं बोलत होतं, आणि मेळावा तोंडावर आला होता. तिथवरचा रस्ता लांबचा, चढाचा. काटा खरा असेल तर वाटेतच इंजिनाचा मामांच्या वेळेसारखा निकाल लागणार होता. कान खरा असेल तर काळजीचं कारणच नव्हतं. कान चुकल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

बायको चहा घेऊन आली. कप पेटीवर ठेवला आणि कपाळाला आठ्या घालत मोठ्याने म्हणाली, "बंद करा की हो आता ती टिकटिक. डोकं उठलं."

"कसली टिकटिक?"

ती हसली. तिला वाटलं, चेष्टा करतायत. "तुमच्या टॅपेटची, नाहीतर कसली? तुम्हीच करून दाखवली होती ना मला, टेबलावर नखं वाजवल्यासारखी? तीच." आणि तिने पत्र्याच्या पेटीवर नखं वाजवून दाखवली. "टिकटिक टिकटिक. चारही एकदम."

कानसेन तिच्या बोटांकडे बघत राहिले. बोटं हलत होती. पत्र्यावर नखं आपटताना दिसत होती. त्यांना त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी हात लांब करून इंजिन बंद केलं. "पुन्हा वाजव," ते म्हणाले.

तिने पुन्हा वाजवलं. या वेळी हळू, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. शेड शांत होती. खूप लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं काहीतरी भासलं, तेही बहुधा बोटं दिसत होती म्हणून. बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"केव्हापासून येतेय ही टिकटिक?"

"झाली की दीड-दोन वर्षं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला?" ती खरोखर गोंधळली. "इंजिनाचं मी तुम्हाला काय सांगणार? मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. तुमचं काहीतरी ठरलेलं असणार."

"आणि घरात मला ऐकू येत नाही, हे तुला कळलं नाही?"

"ते तर लग्नापासूनच आहे," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले. कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल, मागून मारलेल्या हाका, सगळं तिला एकदम आठवलं असावं. नवरा ऐकत नाही असं म्हणत ती इतके दिवस भांडत आली होती. त्याला ऐकू येत नाही हे तिच्या मनातही आलं नव्हतं, कारण तो कानसेन होता. ती त्याच्या शेजारी पेटीवर टेकली. चहा निवून गेला.

कानसेनांना भीती वाटली. आयुष्यात तोवर त्यांना फारशी कशाची भीती वाटली नव्हती. इंजिनाचं काय व्हायचं ते होईल, दाब पडतोय म्हणजे बेअरिंग झिजली असणार, ती बदलता येतात. पण ऐकण्याखेरीज त्यांना दुसरं काही येत नव्हतं. आणि गेली दोन वर्षं ते मेळाव्यात डोळे मिटून कुणाच्या चाकावर खडूचे गोल काढत होते?

दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. एका छोट्या बंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. ते बटणावर अंगठा ठेवून सावध बसले. बराच वेळ झाला तेव्हा त्यांनी काचेपलीकडे यंत्र चालवणाऱ्या मुलीला खूण करून विचारलं, "कधी चालू करणार?" बारीक, उंच आवाजांची तपासणी संपतही आली होती. डॉक्टरांनी विचारलं, "मोठ्या आवाजाजवळ काम करत होतात का?" कानसेनांच्या डोळ्यांसमोर ते उघडं धुराडं आलं. ते म्हणाले, "जवळ म्हणजे, अगदी जवळ." कानाचं यंत्र मागवून लावलं की लोकांचं बोलणं जास्त नीट ऐकू येईल, डॉक्टर म्हणाले, पण गेलेले बारीक आवाज परत येतील असं सांगता येणार नाही.

इंजिन खोललं. मुलगा आणि फिटर दोघं मिळून कामाला लागले, आणि कानसेन पाने हातात देत बाजूला उभे राहिले. ऑइलची खालची टाकी उतरवून बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या काढल्या, तेव्हा त्यांच्यावरचा पांढरा धातू पार झिजून आतलं तांबं उघडं पडलं होतं. फिटरने एक पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. "आणखी थोडे दिवस चालवला असता तर मेला होता," तो म्हणाला. कानसेनांनी त्या तांब्यावरून अंगठा फिरवला. तो काटा खरं बोलत होता, आणि त्यांनी त्याला दुकानापर्यंत नेऊन खोटं पाडायचा प्रयत्न केला होता.

नव्या पट्ट्या बसवल्या, ऑइलचा पंप बदलला, इंजिन जोडलं. तेव्हा शेडमध्ये सगळेच जमले होते. ट्रॅक्टर चालू झाला, तापला. काटा हिरव्यातल्या हिरव्यात थोडासा उतरला आणि तिथेच स्थिर राहिला. मुलाने सुटकेचा श्वास सोडला. बायकोने डोळे मिटून मान डावीकडे कलती केली, अगदी नवऱ्यासारखी, आणि म्हणाली, "गेली हो टिकटिक. पार गेली."

कानसेनांनीही कान दिला. त्यांना आधीच्यात आणि आताच्यात काहीच फरक कळला नाही. इंजिन तसंच लोण्यासारखं चाललं होतं. "मला आलेली कळली नाही, आता गेलेलीही कळत नाही," ते म्हणाले. ते काट्याकडे बघत उभे राहिले, कारण त्यांना तेवढंच बघता येत होतं.

मेळाव्याला जायचं नाही असं त्यांनी ठरवलं. मग जायचं, पण खडू मास्तरांना देऊन टाकायचा असं ठरवलं. तब्येतीचं काहीतरी कारण सांगता आलं असतं, वयाला शोभलंही असतं. बायको म्हणाली, "कारण तुम्ही सांगा, पण माझ्याकडे बघून सांगू नका." तिच्याकडे न बघता त्यांना काही सांगता येत नव्हतं, ही तर खरी अडचण होती. हल्ली ते तिच्या ओठांकडे बघूनच बोलायचे.

मेळाव्याच्या दिवशी त्यांचा ट्रॅक्टर पहिल्या रांगेत उभा राहिला. मास्तरांनी सगळे मीटर वाकून वाकून तपासले आणि उत्तीर्ण म्हणून मान डोलावली. मग नेहमीसारखी इंजिनं एक एक करून चालू झाली, गर्दीने अर्धवर्तुळ केलं, गप्पा थांबल्या, आणि सगळ्यांनी कानसेनांकडे बघितलं. कानसेन पुढे आले, खडू हातात होता. पहिल्या ट्रॅक्टरपासून चार पावलांवर ते थांबले. सवयीने डोळे मिटले. मग उघडले, आणि मागे वळून हाताने सगळी इंजिनं बंद करायची खूण केली.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. ऐकू येत नसलेल्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा लागला. "काटा बहिऱ्यांसाठी असतो असं मीच सांगत आलोय. म्हणून यंदा बसवून घेतला."

कुणीतरी हसलं. कानसेनांची ठरलेली थट्टा, असं त्याला वाटलं. मग त्याने कानसेनांचा चेहरा बघितला, आणि तो हसायचा थांबला.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दोन वर्षं तरी झाली असतील. माझ्या स्वतःच्या इंजिनाची टिकटिक मला कळली नाही. गेल्या दोन खेपांना ज्यांच्या चाकांवर गोल काढले, त्यांनी ते पुसून टाकावेत. ते मी न ऐकता काढले होते."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग मागच्या बाजूने एक म्हातारा भीत भीत म्हणाला, "कानसेन, तुमच्या गाडीची टिकटिक मी ऐकली होती. गेल्याच्या गेल्या वर्षी. पण म्हटलं, हे त्यांचं काहीतरी खास असेल."

"मीही ऐकली होती," मीटरवाली म्हणाली. "तुम्ही दुकानात आलात त्या दिवशी विचारणार होते, काका. तोंडापर्यंत आलं होतं."

"मीही," मुलगा म्हणाला, खाली बघून.

आणि मग धरण फुटल्यासारखे सगळेच बोलायला लागले. ज्याने त्याने ती टिकटिक ऐकली होती. रस्त्यावर, वळणावर, मागच्या मेळाव्यात. एक जण तर म्हणाला, असंच काहीतरी करायचं असतं असं समजून आपण आपले टॅपेट मुद्दाम सैल करून घेतले. कानसेन एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. सगळं कळत नव्हतं, तेवढं बायको शेजारी उभी राहून त्यांना पुन्हा सांगत होती.

"अरे, मग एकानेही मला सांगितलं का नाही?" ते शेवटी ओरडले.

म्हाताऱ्याने जरा विचार केला. "तुम्ही विचारलं कुठे?" तो म्हणाला.

इतक्या वर्षांत कानसेनांनी लोकांना इंजिनांबद्दल हजार गोष्टी सांगितल्या होत्या, पण विचारली एकही नव्हती. त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने नुसत्या भुवया उंचावल्या. ती हे लग्नापासून सांगत होती.

मास्तर खडू घ्यायला पुढे आले. कानसेनांनी तो दिला नाही. त्यांनी पहिला ट्रॅक्टर चालू करायला सांगितलं, चार पावलांवर आपल्या जागी उभे राहिले आणि इंजिनाकडे पाठ करून गर्दीकडे तोंड केलं. डोळे त्यांनी उघडेच ठेवले, म्हणजे प्रत्येकाचे ओठ दिसतील.

"हं," ते म्हणाले. "सांगा. काय ऐकू येतंय?"